दौलतभाऊंची तिसरी मुदत

लोखंडाच्या कारखान्यात लोखंडाच्या आधी विटा येतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. भिलाईच्या चिमण्या सगळ्यांनी पाहिल्यात, भिलाईच्या रुळांवरून सगळे प्रवास करतात. पण भट्टीच्या पोटात जे उकळतं ते नुसत्या लोखंडी टाकीत भरलं तर टाकीच वितळून जाईल. म्हणून पत्र्याच्या आतून विटांचं जाड अस्तर लावावं लागतं. या विटा घराच्या विटांसारख्या नसतात. त्यांचे आकार वेगवेगळे, पेंढ्यात गुंडाळून पेटीतून येतात, आणि भिजल्या की वाया जातात. दोन विटांमधला सांधा इतका बारीक हवा की त्यात नख शिरू नये. सांधा जाड राहिला तर आग तिथूनच वाट काढते.

वीट बसवतो मिस्त्री. लाकडी हातोडीनं ठोकतो, डोळा बारीक करून पाहतो, आणि हात मागे करतो. त्या मागे केलेल्या हातात वीट ठेवते बाई. पेटी उघडणं, वीट पुसणं, तडकलेली बाजूला काढणं, बाकीच्या डोक्यावर घेऊन फळ्यांच्या उतारावरून वर चढणं, सांध्यांत भरायचा मसाला कालवणं, हे सगळं बाईचं काम. अशा बाईला इकडे रेजा म्हणतात. मी रेजा होते. आणि एक वर्ष मी आमच्या युनियनची अध्यक्ष होते. ते वर्ष कसं आलं आणि कसं गेलं, एवढंच मला सांगायचं आहे.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तर नात म्हणाली, "आजी, शुद्ध मराठी लिखना हां, नहीं तो लोग हसेंगे." शुद्ध जमेल तेवढं लिहिते. माणसं मात्र जशी बोलली तशीच बोलतील. हसणाऱ्यांनी हसावं.

पवनीजवळच्या आमच्या गावातून मी आणि माझा नवरा आलो तेव्हा इथे लाल मुरूम, तंबू आणि धूळ होती. दीक्षा घेऊन फार दिवस झाले नव्हते. गावात आमची विहीर वेगळी होती. इथे ठेकेदाराच्या टँकरपुढे सगळ्यांची एकच रांग. त्या रांगेत मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या पुढची बाई वळून म्हणाली, "कहाँ ले आए हस, बहिनी?" कुठून आलीस, असं विचारत होती. ती बिसाहिन. धमध्याकडच्या खेड्यातली छत्तीसगढी बाई, दंडावर गोंदण, आवाज ढोलासारखा. तिची छत्तीसगढी मला अर्धी कळायची आणि माझी मराठी तिला अर्धी, पण एका टोपलीचे दोन कान धरायला तेवढं पुरतं.

नवरा रेल्वेच्या साइडिंगवर लागला आणि मी विटांवर. तेव्हा रशियन इंजिनिअर असायचे. त्यांच्यात एक बाई होती, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली, विटांचे सांधे तपासणारी. तिनं नाही म्हटलं की पुरुष मिस्त्री निमूटपणे ओळ उखडायचे. एकदा तिनं माझ्या डोक्यावरच्या विटा उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतल्या, दोन्ही हातांनी धरून थोडी चालली आणि खो खो हसली. दुभाष्याला काहीतरी म्हणाली. मी विचारलं, "काय म्हणते?" तो म्हणाला, "कहती है, इनको मिस्त्री क्यों नहीं बनाते?" आम्ही सगळ्या हसलो. त्या दिवशी तो विनोदच वाटला होता.

आता दौलतभाऊ. गोंदियाकडचे कुणबी, मिस्त्रीकाम कोळून प्यायलेले, उंच, कमी बोलणारे. भट्टीवर विटा लावणाऱ्यांची युनियन त्यांनीच उभी केली. बायांसाठी आडोशाचा संडास त्यांनी भांडून मिळवला. तान्ही पोरं उन्हात पडायची, त्यांच्यासाठी मांडव घालून घेतला. माझ्या हातावर पेटीची पट्टी उडून लागली तेव्हा मला सायकलवर बसवून दवाखान्यात नेणारे तेच होते. कुणबी माणूस, आमच्यातल्या बाईला सायकलवर बसवून मजुरांच्या सगळ्या कॅम्पादेखत. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

युनियनचे नियमही त्यांनीच केले होते. दोन नियम ते प्रत्येक सभेत तोंडपाठ म्हणायचे. "अध्यक्ष वही बनेगा जो खुद काम करने वाला मजदूर हो. और लगातार दो बार से ज्यादा कोई अध्यक्ष नहीं रहेगा." मुदत एका वर्षाची.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं होतं, "भाऊ, दोनदाच कावून?"

ते म्हणाले, "तुमसरकडे खदानीत होतो मी. तिथं आमचा अध्यक्ष लय भला मानूस होता. पहिल्या साली आमच्यासंग भाकर खाये. मंग मालकाच्या घरी चहा प्याले लागला. मंग तिथंच जेवाले लागला. त्याले कोनी बदलवलंच नाही ना. खुर्ची चांगल्या मानसालेच आधी खाते, यमुना. वाईट मानसाले खायाले तिच्यापाशी काहीच नसते."

हे वाक्य मी विसरले नाही, आणि ते त्यांच्यावरच उलटवायची पाळी माझ्यावर आली.

विस्ताराचं काम संपत आलं होतं. नव्या भट्टीचं अस्तर पुरं झालं की ठेकेदाराला माणसं नको होती. त्याचा मॅनेजर दौलतभाऊंना बोलावून सांगायचा की मिस्त्र्यांना कारखान्यात कायम लावून देऊ, मात्र रेजांचं काम संपलं, त्यांनी गावी जावं. दौलतभाऊंना हे पसंत नव्हतं. पण ते म्हणायचे, आधी मिस्त्री पक्के होऊ द्या, मग बायांचं पाहू. "मग पाहू" या शब्दांचा अर्थ बायांना कोणी समजावून सांगावा लागत नाही.

त्यातच त्यांचं दुसरं वर्ष संपलं. रविवारी सकाळी कॅम्पातल्या मैदानावर सभा भरली. पुरुष पुढे, बाया मागे, मांडीवर पोरं. सेक्रेटरी मनोहर उभा राहिला. नागपूरचा, मिस्त्रीच, पण इस्त्रीचा सदरा घालणारा. म्हणाला, बोलणी ऐन रंगात आलीत, मॅनेजर फक्त दौलतभाऊंना ओळखतो, तेव्हा यंदापुरता दोन मुदतींचा नियम बाजूला ठेवावा. टाळ्या पडल्या. दौलतभाऊ खाली मान घालून बसले होते. नको म्हणाले नाहीत. मी वाट पाहिली, पण ते म्हणाले नाहीत.

मी उभी राहिले. 

"दौलतभाऊ, हा नियम कोनं केला?"

"मीच केला."

"कावून केला?"

ते हातातल्या नियमांच्या कागदाची घडी घालू लागले.

"खुर्ची चांगल्या मानसालेच आधी खाते, असं तुमीच म्हनत होते ना?"

त्यांनी मान वर केली. रागावले नव्हते, दुखावले होते. "यमुना, वेळ कशी आहे ते पाय ना. घर जळून राहिलं अन् तू अशात नियम काढून राहिली."

"घर जळते तवाच तं नियम लागते, भाऊ. सुखाच्या दिवसात नियम कोनाले पायजे?"

मनोहर ओरडला, "बाई, बस खाली! भाऊनं काय नाही केलं तुमच्यासाठी?"

"लय केलं," मी म्हटलं. "म्हनूनच त्याइले वाचवून राहिलो आमी."

हात वर करून मतं घेतली. मागच्या सगळ्या बायांचे हात नियमाच्या बाजूनं वर गेले, आणि मला वाटलं नव्हतं इतके पुरुषांचेही. मनोहरनं पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. नियम राहिला.

"मग अध्यक्ष कोण?" कोणीतरी विचारलं. मैदानावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. दौलतभाऊंच्या जागी उभं राहायची कोणाची छाती होत नव्हती. बिसाहिननं मला कोपरानं ढोसलं. "ठाढ़ हो न!" मी तर अजून बसलेच नव्हते. म्हणून म्हटलं, "मी राहतो." आमच्याकडे बायाही 'राहतो'च म्हणतात.

आधी हशा पिकला. हशा थांबला तेव्हा मनोहर पुन्हा उठला. म्हणाला, नियम पाळायचा तर पूर्ण पाळू. अध्यक्ष 'मजदूर' पाहिजे असं लिहिलंय. ठेकेदाराच्या हजेरीत मजदूर वेगळे, रेजा वेगळ्या. रेजा मजदूर नाही, म्हणून अपात्र. मागून एकजण बोलला, "बाईच्या हाताखाली काम, अन् त्यातही..." वाक्य त्यानं अर्धं सोडलं. उरलेलं अर्धं मला लहानपणापासून पाठ होतं.

निर्णय अध्यक्षानं द्यायचा होता. नवीन निवड होईपर्यंत अध्यक्ष दौलतभाऊच. त्यांनी नियमांचा कागद पुन्हा उघडून वाचला. मग म्हणाले, "लिहिलं आहे तसं आहे. रेजा उभी नाही राहू शकत. निवडणूक पुढच्या रविवारी."

मी घरी आले, चूल पेटवली. नवऱ्यानं विचारलं, "आता काय करशीन?" तो फार बोलणारा नव्हता. मी म्हटलं, "ज्याले मजुरी म्हनत नाही ते काम करनं बंद." तो म्हणाला, "मंग मीच भाकरी टाकतो आज. तू जाय, बायाइले सांग." माझा नवरा भाकरी वाईट करायचा. त्या दिवशीची तर जळली होती. पण मी दारोदार फिरले आणि अंधार पडायच्या आत सगळ्या झोपड्यांत निरोप पोचला.

सोमवारी सकाळी आम्ही सगळ्या वेळेवर कामावर गेलो. डोक्यावरची चुंबळ काढून मांडीवर ठेवली आणि विटांच्या पेट्यांवर बसलो. भोंगा झाला. मिस्त्री भट्टीत उतरले, हातोड्या काढल्या, हात मागे केले. हातात काहीच आलं नाही.

मुकादम धावत आला. "क्या हुआ? उठो!"

बिसाहिन म्हणाली, "हमन मजदूर नोहन, साहेब. रेजा हन. मजदूर मन ला बलावव." आम्ही मजूर नाही, मजुरांना बोलवा, एवढं तर मुकादमालाही कळलं.

काही मिस्त्री स्वतः विटा आणायला चढले-उतरले. थोड्याच वेळात त्यांचे सदरे ओले झाले आणि वर ओळ मात्र इंचभर सरकली नाही. सुपरवायझर आला, त्याच्यामागे इंजिनिअर. मॅनेजरनं धमकी पाठवली की सगळ्यांना आजच काढून टाकीन. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पेट्यांवर बसलेल्या कितीतरी बायांच्या घरी दुसरी कमाई नव्हती. पण एकही उठली नाही. एकीचं पोर रडायला लागलं, तिनं त्याला तिथेच पाजायला घेतलं आणि मुकादमाकडे असं पाहिलं की त्यानं तोंड फिरवलं.

दुपारी दौलतभाऊ भट्टीतून वर आले. अंगभर पांढरी भुकटी. माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"काय करून राहिली तू हे, यमुना?"

"काहीच नाही करून राहिली, भाऊ. पाहा ना, बसली आहो."

"काम बंद पाडलं."

"कोनतं काम? तुमीच सांगतलं ना, आमी मजूर नाही. मंग ही मजुरी आमची कशी? अन् मजुरी आमची असन, तं आमी मजूर नाही कशा?"

ते तिथेच पेटीच्या कडेवर टेकले. बिसाहिननं त्यांना लोट्यातून पाणी दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "मले वाटलं, मी गेलो तं हे सगळं मोडन. एवढ्या मेहनतीनं बांधलं."

"तुमी बांधलं म्हनून मोडत नाही, भाऊ. तुमचं बांधकाम एवढं कच्चं नाही."

ते उठले. भट्टीच्या तोंडाशी जाऊन त्यांनी आत वाकून हाक मारली. मिस्त्री एकेक करून वर आले, मनोहरही. दौलतभाऊ हिंदीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. "कल मैंने गलत फैसला दिया. जो ईंट ढोए वो मजदूर है. रेजा मजदूर है. रेजा अध्यक्ष बन सकती है. जिसको एतराज है, वो पहले एक दिन ईंट ढोकर दिखाए."

कोणाचाच एतराज निघाला नाही. आम्ही चुंबळी डोक्यावर ठेवल्या.

रविवारी मी निवडून आले. मनोहर माझ्याविरुद्ध उभा होता. दौलतभाऊंनी मत कोणाला दिलं ते मी कधी विचारलं नाही.

मॅनेजरच्या खोलीत पहिल्यांदा गेले तेव्हा तो कागदावरून नजर न उचलता म्हणाला, "प्रेसिडेंट को भेजो."

मी म्हटलं, "आ गई."

त्यानं वर पाहिलं. खुर्ची दिली नाही. मी कोपऱ्यातली ओढून घेतली. मनोहर दारात घुटमळत होता, त्यालाही म्हटलं, "बैठो, सेक्रेटरी." तो बसला. त्याचं एक सांगायला हवं, की त्या दिवसापासून खोलीच्या आत त्यानं माझी बाजू कधी सोडली नाही. खोलीच्या बाहेर तो माझा विरोधकच राहिला, आणि ते ठीकच होतं.

बोलणी लांबली. मॅनेजर म्हणायचा, मिस्त्री लो, रेजा छोड़ो. मी म्हणायचे, बाई-पुरुष पाहू नका, जो आधी लागला तो आधी कायम, जो शेवटी लागला तो आधी जाईल. काम पुन्हा बंद पडेल ही धास्ती त्याला होती आणि मी ती धास्ती कमी होऊ दिली नाही. शेवटी दुर्गला लेबर ऑफिसात बसून करार झाला. माझ्या मागणीसारखाच झाला. मी सही केली. सही मी कॅम्पातल्या रात्रशाळेत शिकले होते आणि ती करताना मला लाज नव्हती वाटत.

त्या करारानं कितीतरी रेजा कारखान्यात कायम झाल्या. मीही झाले. आणि त्याच करारानं बिसाहिन गेली. मधे एक बाळंतपण करून ती परत आली होती, म्हणून हजेरीत तिची नेमणूक उशिराची धरली गेली. हा मुद्दा मी मांडला, भांडले, मॅनेजर बधला नाही. त्या एका मुद्द्यावर सगळा करार सोडून द्यायची माझी हिंमत झाली नाही. आज विचाराल तर आजही सोडला नसता. पण ते मनाला लागून राहिलं आहे, ते राहू द्यावं असंच मला वाटतं.

ती गाडीत बसायला निघाली तेव्हा मी मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत काही बोलायला गेले. तिनं मला थांबवलं. "मोला झन समझा. रिस नइ हे." मला समजावू नकोस, राग नाही, असं म्हणाली आणि गेली. राग असता तर बरं झालं असतं.

वर्ष संपलं. मी दुसऱ्या मुदतीसाठी उभी राहिले. आणि माझ्याविरुद्ध उभे राहिले दौलतभाऊ.

आमच्या बाया चवताळल्या. त्यांच्या दोन मुदती झाल्या, आता कशाला? सभेत एकजण उठून म्हणाली, हे अपात्र आहेत, नाव काढा. यावेळी निर्णय द्यायचा होता मला. अध्यक्ष मीच होते.

 दौलतभाऊ समोर बसले होते आणि या वेळीही काही बोलले नाहीत. मला कळत होतं की हे नाव निघालं नाही तर माझं कठीण आहे. ज्या बायांनी मला निवडून दिलं होतं त्यांतल्या कितीतरी गावी गेल्या होत्या. कामावर नाही म्हणून सभासद नाही, सभासद नाही म्हणून मत नाही. उरलेल्यांत मिस्त्री जास्त होते.

मी म्हटलं, "नियमात 'लगातार' लिहिलं आहे. मधे एक वर्ष मी होते. भाऊ उभे राहू शकतात."

मागून कोणीतरी कळवळून म्हणालं, "अवो यमुनाबाई, हारसान ना!"

"हारीन तं हारीन. मतानं हारीन. मागच्या साली यायनं मले शब्दात अडकवलं होतं. मी कोनाले शब्दात नाही अडकवत."

आणि मी हरले. थोड्या मतांनी, पण हरले. लोकांना वाटलं मी रडेन. मी मनोहरकडून माळ घेतली आणि दौलतभाऊंच्या गळ्यात घातली, जरा जोरातच घातली असेन, कारण दोराच तुटला. लोक हसले. तेही हसले.

मी जायला वळले तेव्हा त्यांनी हाक मारली. तुटलेली माळ हातात धरून उभे होते.

"यमुनाबाई." त्या दिवसापर्यंत ते मला बाई म्हणत नसत. "पुढच्या साली उभ्या राहसान ना?"

"राहीन," मी म्हटलं. "मी सोडतो का तुमाले?"